बेळगावच्या परसात चेरीचा बहर: रोप निवडण्यापासून बहार धरण्यापर्यंत

मार्चच्या शेवटी जपानमधल्या चेरीच्या बहराचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि आपल्याकडच्या रोपवाटिकांत एकच चौकशी सुरू होते: ती गुलाबी फुलांची चेरी मिळेल का? बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, जानेवारीतली पहाट बोचरी असते, मेमध्येही संध्याकाळी वारा गार सुटतो. त्यामुळे "आपल्याकडे का येणार नाही?" असे वाटणे साहजिक आहे.

जपानी किंवा हिमालयातली चेरी इथे फुलणार नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. पण चेरी याच नावाने विकले जाणारे, झालरदार गुलाबी फुलांचे आणि लालबुंद फळांचे एक सदाहरित झुडूप आपल्या हवेत वर्षातून अनेकदा फुलते. ते म्हणजे वेस्ट इंडियन चेरी, म्हणजेच बार्बाडोस चेरी किंवा असेरोला. या झाडाला थंडीची गरज नाही. त्याला आधी कोरड आणि मग पाणी, अशी पाळी लागते. ती पाळी कशी सांभाळायची हे तुमच्या पायाखाली जांभा आहे की काळी माती, यावर ठरते. पुढचे सगळे मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

थंड प्रदेशातली चेरी इथे का फुलत नाही

खरी चेरी गुलाबाच्या कुळातली. ती उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या तयार करून ठेवते, मग पाने गाळते आणि कळ्या सुप्तावस्थेत जातात. ही अवस्था मोडायला साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालचे शेकडो तास लागतात. गोड चेरीच्या बहुतेक जातींना ८०० ते १२०० तासांची थंडी हवी असते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सहसा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. एखाद्या कडाक्याच्या पहाटे तो १०च्या खाली जातो, पण त्याच दिवशी दुपारी ऊन २८-३० अंशांवर नेते. अशाने तासांची बेरीज होतच नाही. कळ्या अर्धवट उघडतात, पाने एकेका फांदीवर विस्कळीत येतात आणि जुलैच्या पावसात मुळे सडून झाड जाते.

आपल्या देशात या झाडांचे घर काश्मीर, हिमाचल आणि ईशान्येकडचे डोंगर. शिलाँगला नोव्हेंबरमध्ये जी चेरी फुलते ती हिमालयातली पद्मक, आणि शिलाँग सुमारे १५०० मीटरवर आहे. कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मुलांकडे गेल्यावर त्यांच्या अंगणात जांभळट पानांची बुटकी शोभेची चेरी दिसते, ती तर उणे ३० अंशांची थंडी सोसणारी. तिथे ती शोभते, तिथेच तिला राहू द्यावे. "साकुराच्या बिया" म्हणून ऑनलाइन मिळणारी पाकिटे घेऊ नका. बी खरे असले तरी ते रुजायलाच दोन-तीन महिने ओल्या थंडीत ठेवावे लागते. त्यातून रोप उगवलेच, तरी वर सांगितलेली तासांची अडचण सुटत नाही.

रोपवाटिकेत नेमके रोप ओळखणे

इथेच जास्त फसगत होते, कारण "चेरी" म्हटले की चार वेगळी झाडे पुढे केली जातात. सिंगापूर चेरी हा भराभर वाढणारा वृक्ष आहे. पाने लवदार, किंचित चिकट, कडा करवतीसारख्या, फुले पांढरी. पक्ष्यांसाठी तो उत्तम, पण लहान परसात चार-पाच वर्षांत सगळे अंगण व्यापतो. सुरिनाम चेरीचे फळ छोट्या भोपळ्यासारखे धारदार फोडींचे, फुले पांढरी, आणि पान चुरगळले की उग्र वास येतो. तिसरे झुडूप टाचणीएवढे काटे असलेल्या चिमुकल्या पानांचे असते. ते वेस्ट इंडियन चेरीचेच बुटके भावंड, बोन्सायवाल्यांचे आवडते. त्याची फुले सुंदर असतात, पण फळासाठी ते कामाचे नाही.

आपल्याला हवे ते चौथे. पाने समोरासमोर जोडीने येतात, वरून चकचकीत हिरवी, कडा किंचित लाटदार आणि दातेरी नसलेल्या. पान चुरगळल्यावर वास येत नाही. कोवळ्या फुटीवर बारीक पांढरी लव असते. ही लव काहींच्या कातडीला खाजवते, म्हणून छाटणी करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. फूल असेल तर शंका उरत नाही: पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला खाली बारीक देठ, वर चमच्यासारखा पसरट भाग आणि त्याची कड झालरीसारखी कातरलेली. पश्चिम घाटात फुलणारी माधवीलता ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ही झालर ओळखीची वाटेल. दोन्ही एकाच कुळातल्या आहेत. आपल्याकडे कुंपणाला सर्रास लावली जाणारी पिवळ्या फुलांची गॅल्फिमियाही त्याच कुळातली. तुमच्या गल्लीत गॅल्फिमिया चांगली फुलत असेल, तर ही चेरीही तिथे रमेल असे मानायला हरकत नाही.

बियांचे रोप घेऊ नका. या झाडाच्या पुष्कळ बियांत गर्भच पुरता तयार होत नाही. त्यामुळे रुजवण कमी होते, आणि जी रोपे उगवतात त्यांची फुले-फळे कशी निघतील याचा भरवसा नाही. छाट कलम किंवा गुटी कलमाचे, दीड-दोन फुटांचे, बुंध्यातून निदान दोन फांद्या फुटलेले रोप घ्या. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर येऊन गोल फिरली असतील, तर ते सोडून दुसरे बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर ते रोप घरात आणूच नका. त्या गाठी सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या, आणि हे झाड सूत्रकृमीला लवकर बळी पडते.

जागा असेल तर एकाऐवजी दोन रोपे घ्या, आणि तीही दोन वेगवेगळ्या रोपवाटिकांतून. एकाच मातृवृक्षाच्या छाटांची दहा रोपे लावली तरी परागीभवनाच्या दृष्टीने ते एकच झाड. वेगळ्या वाणाचा पराग मिळाला की फळ जास्त धरते.

आधी पायाखालची माती बघा

सीमाभागात एका तालुक्यातून दुसऱ्यात गेलात की मातीचा रंगच नव्हे, पाऊसही पालटतो. खानापूर, कणकुंबीकडे सह्याद्रीचा धो-धो पाऊस आणि खाली जांभा. बेळगाव शहर, हिंडलगा, उचगाव या पट्ट्यात बहुतांश लाल-तांबूस मुरमाड जमीन आणि वर्षाला १२००-१३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला चिकोडी, गोकाक, अथणीकडे काळी जमीन वाढत जाते आणि पाऊस निम्म्यावर येतो. बिदर जिल्ह्यातल्या भालकी, औरादकडच्या वाचकांच्या दारात काळी आणि जांभ्याची, दोन्ही जमिनी आढळतात. त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शहरातल्या एका घराचा सल्ला अथणीतल्या घरालाही चालत नाही.

वेस्ट इंडियन चेरीला ५.५ ते ६.५ सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता) असलेली, निचऱ्याची जमीन आवडते. जांभ्याची माती निचऱ्याला चांगली, पण आम्ल आणि चुन्याने गरीब. पावसात कॅल्शियम, मॅग्नेशियम धुपून जातात. दिलेले स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि अॅल्युमिनियमला चिकटून बसते आणि मुळांना मिळत नाही. काळ्या मातीचे उलट आहे. अन्नद्रव्ये भरपूर, पण पाणी धरून ठेवणारी आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त. तिथे लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही, आणि नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात.

म्हणून लागवडीच्या आधी माती तपासून घ्या. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी केली तर नमुना कुठे द्यायचा ते कळते. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, तिथेही शोभेच्या आणि फळझाडांबद्दल विचारता येते. नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला सारून एक फूट खोलीपर्यंतची माती चार-पाच ठिकाणांहून घ्यावी, एकत्र मिसळावी आणि सावलीत वाळवून अर्धा किलो द्यावी.

निचऱ्याची परीक्षा घरीच होते. एक फूट खोल खड्डा खणून काठोकाठ पाणी भरा. ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत जिरले तर जागा चांगली. संध्याकाळपर्यंत डबके राहिले तर त्या जागी खड्ड्यात झाड लावायचे नाही, मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचे.

खड्डा आणि लागवड

जागा निवडताना दिवसाला निदान सहा तासांचे ऊन मिळेल अशी निवडा. सावलीत झुडूप हिरवेगार राहते, पण फुलत नाही. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून येणारा वारा या भागात जोरदार असतो आणि या झाडाची मुळे उथळ असतात. घराच्या पूर्वेला किंवा कुंपणाच्या भिंतीच्या आडोशाला जागा मिळाली तर उत्तम. एकटे झुडूप म्हणून लावायचे असेल तर चारी बाजूंनी आठ-दहा फूट मोकळे ठेवा. फुलांचे कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत तीन फूट अंतर पुरते.

जांभ्यावर खड्डा एप्रिल-मेमध्ये खणा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल. जांभा कुठे भुसभुशीत मुरूम असतो, तर कुठे चिऱ्यासारखा कडक. कडक थर लागला तर खोली वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवा, कारण मुळे आडवी पसरणारी आहेत. पण तळाचा थर पहारीने दोन-तीन ठिकाणी फोडलाच पाहिजे. तो न फोडता माती भरली तर जुलैमध्ये तो खड्डा पाण्याने भरलेला हौद होतो. वरून जमीन निचऱ्याची दिसते आणि आत मुळे कुजत असतात. शहरातल्या परसांत झाडे मरण्याचे मोठे कारण हेच आहे.

खणलेली माती आणि खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. सूत्रकृमी आणि हुमणीच्या अळ्या कमी होतात. मग वरच्या थरातली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा एकत्र करून भरा. लाल, आम्ल मातीत हाडांचा चुरा हळूहळू विरघळतो आणि स्फुरद बराच काळ पुरवतो. तपासणीत सामू ५.५च्या खाली आला असेल तरच चुनखडीची किंवा डोलोमाइटची पूड पाव किलो, लागवडीच्या निदान तीन आठवडे आधी मातीत मिसळा. बांधकामाचा कळीचा चुना टाकू नका, तो मुळे भाजतो. चुना आणि शेणखत एकाच दिवशी मिसळले तर खतातला नत्र हवेत उडून जातो, म्हणून मध्ये अंतर हवे.

काळ्या मातीत खोल खड्डा हवा कशाला? दीड फूट रुंद, जेमतेम फूटभर खोल पुरे. त्यावर बाहेरून आणलेली लाल माती, शेणखत आणि जाडसर वाळू समान भागांत मिसळून जमिनीपासून सव्वा ते दीड फूट उंच आणि चार फूट रुंदीचा उंचवटा करा. काठाला फुटक्या कौलांचा किंवा दगडांचा बांध घातला की माती वाहून जात नाही. हाडांचा चुरा इथे फारसा विरघळत नाही, त्याऐवजी शंभर ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट घाला. चुना तर अजिबात नको.

लागवड कधी करावी यावर सगळीकडे "पावसाळ्याच्या सुरुवातीला" असे उत्तर मिळते. अथणी, चिकोडी, गोकाककडे ते बरोबर आहे. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की लावा. पण बेळगाव शहर आणि खानापूरच्या वाचकांना मी वेगळे सांगेन. इथे पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपला तरणा-म्हातारा पाऊस, दिवसच्या दिवस उघडीप देत नाही. महिन्याभरापूर्वी लावलेल्या रोपाची मुळे अजून पिशवीच्या आकारातच असतात, भोवतालची माती चिखल झालेली असते आणि रोप तिथेच बसते. त्यापेक्षा मघा-पूर्वा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावा. जमिनीत ओल असते, ऊन दिसू लागते आणि थंडी सुरू होण्याआधी मुळांना दोन-अडीच महिने मिळतात. मेच्या वळिवानंतर लगेच लावलेले रोपही चालते, पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर थांबा.

लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा, मुळांचा गोळा फुटू देऊ नका. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग आणि जमीन एका पातळीत, किंवा गोळा बोटभर वरच राहू द्या. खोडाभोवती माती चढवली की खोड कुजते. रोपाच्या पश्चिमेला बांबूची काठी रोवून सुतळीने इंग्रजी आठाच्या आकाराचा सैल फास बांधा. पहिली दोन वर्षे ही काठी ठेवावी.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षी फुलांची घाई करू नका. कलमाच्या रोपाला काही महिन्यांतच तुरळक फुले येतात, ती पाहून आनंद घ्या, पण फळे धरू देऊ नका. पावसाळा संपल्यावर आठवड्यातून दोनदा दहा-बारा लिटर पाणी, एप्रिल-मेमध्ये तीनदा. काळ्या मातीत याच्या निम्मे. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचे नाही.

आच्छादन फार उपयोगी, कारण मुळे वरच्या थरात असतात आणि उन्हाने तापतात. बेळगाव-खानापूरकडे भाताचे पिंजर सहज मिळते, पूर्वेला उसाचे पाचट. तीन-चार इंचांचा थर द्या, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. जांभ्याच्या जमिनीत पिंजराखाली वाळवी होते, म्हणून महिन्यातून एकदा ते उचलून पाहा आणि थोडी निंबोळी पेंड भुरभुरा. मुसळधार पाऊस सुरू झाला की जुने आच्छादन बाजूला करून माती उघडी ठेवलेली बरी.

तण काढताना कुदळ वापरू नका, खुरप्याने वरवर काढा. उथळ मुळे तुटली की त्या जखमांतून रोग शिरतो.

बहार कसा धरायचा

आता मुख्य गोष्ट. द्राक्ष, डाळिंब, पेरू, लिंबू करणारा शेतकरी ताण देणे म्हणजे काय ते जाणतो. पाणी तोडले की झाडाची पालेवाढ थांबते, अन्न साठते, आणि पुन्हा पाणी दिले की एकदम फुटवा येऊन कळ्या लागतात. वेस्ट इंडियन चेरी याच पद्धतीने चालते. कोरड्या काळानंतर चांगला पाऊस किंवा भरपूर पाणी मिळाले की झुडूप लाटेने फुलते. फूल उमलल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत फळ पिकते आणि मग पुढची लाट. ज्या घरी रोज थोडे थोडे पाणी घातले जाते, तिथे झाड सतत हिरवे राहते आणि फुले तुरळक येतात. "पाणी तर रोज घालतो, तरी फुलत नाही" या तक्रारीचे कारण त्या रोजच्या पाण्यातच असते.

झाड दोन वर्षांचे झाले की ताण द्यायला सुरुवात करा, त्याआधी नको. आपल्या हवेला सर्वांत सोयीचा बहार आंबे बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या, जवळपासचा. फेब्रुवारीच्या मध्याला पाणी कमी करत जा आणि शेवटच्या आठवड्यात बंद करा. जांभ्याच्या मुरमाड जमिनीत दोन आठवड्यांचा ताण पुरतो. काळ्या मातीत ओल टिकून राहते, तिथे तीन-चार आठवडे लागतात. दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे बघा. दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर ताण योग्य चालला आहे. सकाळीही पाने मलूलच दिसली, किंवा जुनी पाने पिवळी होऊन गळू लागली, की ताण पुरे झाला. त्यापुढे ताणले तर फांद्या वाळतात.

ताण मोडायच्या दिवशी आधी आळे वरवर हलवून घ्या. एक घमेले शेणखत किंवा दोन किलो गांडूळखत, सोबत अर्धा किलो निंबोळी पेंड आणि एक मूठ लाकडाची राख पसरा. काळ्या मातीत राख टाळा, ती सामू आणखी वाढवते. पहिल्या दिवशी हलके पाणी, दोन दिवसांनी मध्यम, आणि मग आळे भरून. एकदम पूर आणला तर नव्या कळ्या गळतात. त्यानंतर पाण्याची पाळी चुकवायची नाही, कारण फळ धरताना पाणी कमी पडले की फळे गळून पडतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बगलेत कळ्यांचे झुबके दिसू लागतात आणि सगळे झुडूप गुलाबी होते.

तुम्ही ताण दिला नाही तरी निसर्ग देतोच. एप्रिल-मेमध्ये विजांच्या कडकडाटासह वळीव पडला की पुढच्या काही आठवड्यांत लाट येते. ही फुले बेळगावच्या उन्हाळ्यातली सर्वांत सुंदर, पण जूनच्या पावसात फळे भिजून तडकतात. म्हणून मार्चचा बहार धरणे मला जास्त पसंत आहे: फळे वळिवाच्या आधी किंवा त्याच सुमारास हाती येतात. हस्ताचा पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणखी एक लाट मिळते. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असल्याने वाढ मंदावते. तेव्हा झाडाला खत देऊन डिवचू नका.

नत्राचा अतिरेक बहाराचा शत्रू. युरिया किंवा ताजे कोंबडीखत घातले की हातभर फांद्या येतात आणि फूल एकही नाही.

छाटणी

फुले नव्या फुटीवर आणि जुन्या फांद्यांवरच्या आखूड बगलफुटीवर येतात. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी कात्रीने कुंपण सपाट करणाऱ्यांना फुले दिसत नाहीत, ती कळीतच कापली जातात. बहाराची लाट संपून फळे उतरली की लांब गेलेल्या फांद्या एक तृतीयांश कापा. वर्षातून एकदा, ताण सुरू करण्याआधी, झुडपाचा मध्य मोकळा करा: एकमेकांवर घासणाऱ्या, आत वळलेल्या, वाळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा. तीन-चार मुख्य फांद्या ठेवून बाकीचे फुटवे दरवर्षी काढले की झुडूप छत्रीसारखे डौलदार होते. पावसाळ्यात मोठी छाटणी नको, जखमा सुकत नाहीत.

फुले भरपूर, फळे कमी: असे का?

या फुलांच्या निदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) मागे तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. अमेरिका खंडात, या झाडाच्या मूळ घरी, ते तेल गोळा करणाऱ्या खास मधमाश्या येतात आणि परागीभवन करतात. त्या माश्या आपल्याकडे नाहीत. आपल्या मधमाश्या परागासाठी कधीमधी येतात, पण काम अर्धवट होते, म्हणून पुष्कळ फुले तशीच गळतात. शोभेसाठी लावले असेल तर याची चिंता नको. फळे हवी असतील तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, फुले ताजी असताना, रंगकामाच्या मऊ कुंचल्याने एका झाडाच्या फुलांवरून दुसऱ्या झाडाच्या फुलांवर हलकेच फिरवा.

फळे गर्द लाल झाली की लगेच काढावी, नाहीतर बुलबुल आपल्याआधी पोचतात. साल इतकी पातळ की दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडते. आत तीन कोनदार बिया असतात आणि चव आंबट-गोड. क जीवनसत्त्वासाठी हे फळ जगभर प्रसिद्ध आहे. १९४०च्या दशकात प्वेर्तो रिकोत त्याचे पृथक्करण झाले आणि १०० ग्रॅम गरात १००० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व आढळले. संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. अर्धपिकल्या फळात ते आणखी जास्त. गूळ-वेलदोडा घालून केलेले याचे पन्हे फार चांगले लागते, पण शिजवल्याने जीवनसत्त्व कमी होते, म्हणून गर कच्चाच गाळून घ्यावा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रोज मूठभर खाऊ नयेत.

रोग, कीड आणि पिवळी पाने

सूत्रकृमी हा सर्वांत मोठा धोका. झाड खुरटते, भर पाण्यातही दुपारी मलूल दिसते, आणि मुळे उकरली की गाठी दिसतात. एकदा शिरकाव झाला की पूर्ण नायनाट होत नाही, पण आळ्यात वर्षभर झेंडू लावणे, दर तीन-चार महिन्यांनी निंबोळी पेंड देणे आणि सेंद्रिय खताचा भरपूर वापर यांनी तो आटोक्यात राहतो. शेजारी टोमॅटो, वांगी, भेंडी लावू नका, तीही या कृमीची आवडती पिके.

कोवळ्या फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. न आटोपल्यास एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. मुंग्या खोडावर चढताना दिसल्या तर त्या माव्याला सांभाळत असतात, त्यांचे वारूळ शोधून हलवा. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडतात, विशेषतः दाट झुडपात. मध्य मोकळा असेल तर ठिपके कमी येतात. गळलेली पाने गोळा करून टाका.

काळ्या मातीत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर दोन लिटर पाण्यात १० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिड मिसळून दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा पानांवर फवारा. ऊन तापलेले असताना फवारू नका, पाने करपतात. जांभ्यावर असे दिसले तर आधी निचरा तपासा, कारण तिथे लोहाची टंचाई क्वचितच खरी असते.

कुंडीत लावायचे असेल तर

गच्चीवर किंवा फ्लॅटच्या सज्जात हे झाड छान राहते, आणि कुंडीत ताण देणेही सोपे. सोळा-अठरा इंचांची, तळाला मोठी भोके असलेली कुंडी घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू, मूठभर निंबोळी पेंड. कुंडीतला ताण पाच-सात दिवसांतच पुरेसा होतो, जास्त ताणू नका. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या शेवटी झाड बाहेर काढून कडेची मुळे दोन इंच कापा, नवी माती भरा आणि तेवढ्याच प्रमाणात फांद्याही कमी करा. गच्चीवर वारा मोठा असतो, कुंडी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा.

शेजाऱ्यांना द्यायला नवी रोपे

चांगले फुलणारे झाड हाती लागले की त्याची रोपे करायला जूनची अखेर ते जुलै हा काळ योग्य, हवेतला ओलावा आपोआप मिळतो. पेन्सिलीच्या जाडीची, अर्धवट पक्व फांदी घ्या, आठ इंचांचे तुकडे करा, वरची दोन-तीन पाने ठेवून बाकीची काढा. खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकाच्या पावडरीत बुडवून वाळू आणि नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या मिश्रणात निम्मे खोचा. पिशव्या गोठ्याच्या किंवा व्हरांड्याच्या छपराखाली ठेवा, थेट पावसात नको. मुळे फुटायला साधारण दोन महिने लागतात आणि सगळ्या छाटांना ती फुटत नाहीत, म्हणून गरजेच्या दुप्पट छाट लावा.

त्याच काळात गुटी बांधली तर यश जास्त मिळते. बोटाएवढ्या जाड फांदीवरची एक इंच साल गोल काढा, आतला हिरवट थर खरवडा, ओले शेवाळ भोवती गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधा. प्लास्टिकमधून पांढरी मुळे तपकिरी होऊ लागलेली दिसली की गुटीच्या खालून फांदी कापा. निम्मी पाने काढून ती पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा. नवा पाला फुटेपर्यंत तिला हलवू नका. ही रोपे जमिनीत लावायची ती पुढच्या वर्षीच्या मघा-पूर्वा नक्षत्रांत, आणि पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत मृगाच्या पावसावर.